फळ्याचा उजवा रकाना

"बघितलंय का ऐकलंय?" तुम्ही दारात चप्पल काढायच्या आतच तात्यांचा हा प्रश्न यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत तात्यांचं गेम पार्लर होतं आणि तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. आम्ही एमआयडीसीतली मंडळी पाळी सुटली की मोटारसायकली तिथंच लावायचो. गेमच्या बातम्या देणारी प्रत्येक साइट वेगळंच काहीतरी सांगायची. म्हणून तात्यांनी भिंतीवर फळा लावला होता. डावीकडे 'ऐकलं', उजवीकडे 'बघितलं', आणि प्रत्येक बातमीपुढे ती आणणाऱ्याचं नाव.

ही रीत त्यांच्या घरातली. इंदापूरकडे त्यांचे वडील मेंढरं राखायचे. "कुणी म्हनलं, तिकडं चारा मायंदाळ हाय, तर आमचा बा आदी सांगणाऱ्याची मेंढरं बघायचा. त्यांचीच पोटं खपाटीला, मंग कसला चारा?" साइटलाही ते तोच न्याय लावत. "ह्यानं गेम खेळलाय व्हय? मंग फोटू कुठंय?"

एकदा भाव खायला मी थाप मारली. गाड्यांच्या शर्यतीत धबधब्यामागे चोरवाट आहे, असं एका साइटवर वाचलं होतं. म्हटलं, "डोळ्यानं बघितली, तात्या!" त्यांनी लगेच उजवीकडे लिहिलं. रविवारी सगळे दिवसभर धबधब्यावर गाड्या आपटत बसले. वाट कसली सापडतेय! लोक चिडले. तात्यांनी माझं नाव पुसून स्वतःचं लिहिलं. "माजी चूक हाय. तपासलं न्हाय मी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर माझी प्रत्येक बातमी डावीकडे. "तात्या, लाइट आली" म्हटलं तरी ते बटण दाबून बघायचे. सगळे हसायचे, मीही हसायचो, पण लागायचं. मला तो उजवा रकाना परत हवा होता.

महिनाभर खपून मी त्याच गेमची शेवटची शर्यत जिंकली. तिच्यानंतर काय दिसतं, यावर साइट्सचं एकमत नव्हतं. मी बघितलं: गाडी आपली आपण वळते आणि घरी जाते. तात्या आत भाकरी खात होते. त्यांना हाक मारेपर्यंत लाइट गेली.

"तात्या, बघितलं. पण पुरावा नाही."

"हात दाव," तात्या म्हणाले.

जॉयस्टिकनं अंगठ्याला दोन फोड आले होते. तात्या खुदकन हसले. "मेंढरं भरल्या पोटाची हायती," म्हणत त्यांनी उजवीकडे माझं नाव लिहिलं. त्या दिवशी मी रस्ताभर शीळ घालत गेलो.

पुढे पार्लर बंद झालं, तात्या गावी गेले. काही वर्षांनी फोनवर कुणीतरी सांगितलं, तात्या गेले. मी काही बघितलेलं नाही. ती बातमी मी अजून डावीकडेच ठेवली आहे.