ग्रीसचा शोध

प्रयोगशाळेतल्या काचेच्या उपकरणांच्या सांध्यांना लावायचं ग्रीस मी नकळत निकेल-सिलिकॉनचं नवं संयुग म्हणून शोधपत्रिकेत छापायला पाठवलं. परीक्षकानं एका ओळीत कळवलं, 'हे ग्रीस आहे.' माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं निकेलची संयुगं करणाऱ्या माणसाला ग्रीस ओळखता येत नाही? मंडईतला भाजीवालाही इतकं तुटक बोलत नाही! मी चार पानी खरमरीत उत्तर लिहिलं आणि वर पुरावा म्हणून नुसत्या ग्रीसचा वर्णपटाचा आलेख काढायला सांगितला. वर्णपटाचं यंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी माझ्या संयुगाचा आणि ग्रीसचा असे दोन्ही आलेख खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरले. रेषा तंतोतंत जुळल्या.

"अहो, पण त्यानं जरा सौजन्यानं लिहायला नको?" मी म्हणालो.

"सौजन्यानं लिहिलं असतं, तर आपल्याला कळलं नसतं, सर."