अंगठ्यावरच्या रेघा

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या शांतामावशींचा अंगठा रेशनच्या दुकानातलं यंत्र ओळखेना, म्हणून त्यांचे गहू-तांदूळ अडले. घासून घासून रेघाच पुसल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "आठ-दहा दिवस भांड्यांना हात लावू नका, मग या." तितके दिवस भांडी मी घासली.

आज मावशींनी अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला! मी दुकानातच टाळ्या वाजवल्या. काय त्या पेशी! कातडीच्या तळाशी एकीच्या दोन होत राहिल्या, वर सरकत राहिल्या, आणि मावशी जन्मायच्या आधीपासूनची तीच नक्षी त्यांनी पुन्हा उमटवली, एकही वळण न चुकता!

मावशी मात्र अंगठा निरखत पुटपुटल्या, "म्हंजे, हाये मी अजून."