घामात टिकेल असं मलम

माझा स्वभाव तापट आहे आणि मला माझं काम चांगलं येतं, या दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक आहेत. नाशिकच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी मलम तयार करतो आहोत. त्यात पेप्टाइडं असतात, म्हणजे प्रथिनांचे लहानसे तुकडे. आपली कातडीसुद्धा असे तुकडे बनवते. ते जंतूच्या आवरणाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. आम्ही त्यांचे जरा दमदार भाऊबंद बनवतो. नातेवाइकांना मी एवढंच सांगते, कारण पुढचं सांगायला लागले की लोक चहा ठेवायला उठतात.

आक्का मात्र उठत नाही. ती माझी थोरली बहीण, सायखेड्याला दिलेली. तिला काखेत, मांडीवर गळवं होतात. एक बसलं की दुसरं वर येतं. तिच्या पुवातल्या जंतूवर नेहमीच्या गोळ्यांपैकी एकही चालत नाही, असं तपासणीत निघालं. मागच्या खेपेला जंतू रक्तात उतरला आणि शिरेतून इंजेक्शनं देऊन डॉक्टरांनी तिला कसंबसं परत आणलं. पुन्हा असं झालं तर हाताशी फारसं काही उरणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मला मलमाची घाई आहे ती आक्कासाठी, आणि हे मी कुणापासून लपवत नाही.

आमच्याकडे चार पेप्टाइडं चांगली निघाली होती. मीठ मध्ये आलं की पेप्टाइडाची जंतूवरची पकड सुटते, हे या कामातल्या सगळ्यांना माहीत असतं. घामात मीठ असतंच, म्हणून आम्ही बाटलीत कृत्रिम घाम बनवून त्यात चौघांची परीक्षा घेतली. चौघंही पास झाली. मी खूश होते. आपला तो बाब्या असतोच.

मार्चमध्ये सायखेड्याला गेले तेव्हा द्राक्षं खुडायचे दिवस होते. आक्का बायांबरोबर बागेत होती; सगळ्यांनी घातलेला असतो तसा साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा जुना शर्ट. दुपारी भाकरी खायला बसलो. पाणी घ्यायला ती वळली आणि मला तिची पाठ दिसली. शर्टावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एकीवर एक. घाम यायचा, उन्हात वाळायचा, मीठ मागे राहायचं, त्यावर पुन्हा घाम यायचा. हे सगळं संध्याकाळच्या आंघोळीपर्यंत कातडीवरच. माझ्या बाटलीतला घाम एसीतून उठून गाडीपर्यंत चालणाऱ्या माणसाचा होता.

घास हातातच राहिला. आक्का म्हणाली, "काय गं, तिखट लागलं का?"

"नाही. तुझा शर्ट बघतेय."

"कालच धुतलाय," ती जरा दुखावून म्हणाली.

प्रयोगशाळेत परतल्यावर आम्ही डुकराच्या कातडीच्या तुकड्यावर घाम ओतला, वाळवला, परत ओतला, परत वाळवला आणि मग पेप्टाइडं लावली. तिघांनी माना टाकल्या. माझ्या सहकाऱ्यांचे चेहरे उतरले. मला मात्र बरंच वाटलं. बागेत नापास होणारं औषध आमच्या टेबलावर नापास झालेलं केव्हाही चांगलं. चौथं, ज्याला आम्ही मंद म्हणून मागे बसवलं होतं, ते टिकलं. आक्काच्या परवानगीने दवाखान्याने तिचा जंतू आम्हाला दिला होता, तोही त्याने साफ केला. मी तिथूनच फोन लावला.

"आक्का, तुझ्या पुवातला जंतू मेला. आमच्या काचेच्या बशीत."

ती म्हणाली, "मंग माज्या अंगातला कधी मरायचा? काखेत परत आलंय."

मी तशीच निघाले. अंगणात दाजी उभे होते.

"औषध तुमच्याकडंच हाय ना? मंग द्या की थोडं. घरचंच माणूस हाय."

मी नाही म्हणाले. ते मलम अजून एकाही माणसाला लावलेलं नव्हतं. आधी जनावरांवर, मग धडधाकट माणसांवर, मग आजाऱ्यांवर, अशी वर्षं जायची होती.

"बहिणीपेक्षा नियम मोठा का?" दाजी म्हणाले.

"नियम बाजूला ठेवला तरी मी देणार नाही," माझा आवाज चढला. "तिच्या उघड्या जखमेवर ते काय करेल, हे मलाच माहीत नाही."

दाजींनी तोंड फिरवलं. आक्का दारात उभी होती, काखेला लागू नये म्हणून हात अंगापासून दूर धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

"चल मंग," ती म्हणाली. "दवाखान्यात ने."

या वेळी ताप चढायच्या आत आम्ही तिघं पोचलो. डॉक्टरांनी गळू कापलं. पू भरलेल्या जागी भूल नीट लागत नाही. तिने माझा हात असा आवळला की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. आमचं औषध चालणार, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण त्या दिवशी माझ्या बहिणीला त्या खात्रीचा काडीचा उपयोग नव्हता, आणि याचं मला वाटलं होतं त्याहून जास्त दुःख झालं.

मलमपट्टी झाल्यावर आम्ही बाकावर इंजेक्शनची वाट पाहत बसलो. मी पदराने तिचं तोंड पुसत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"तू हितं बसून काय करती?" ती म्हणाली. "माज्याजवळ तुजे दाजी हायेत. तू जा, तुजं काम कर."

मी उठले आणि गेले.