काकूंच्या चालण्याचा व्हिडिओ

माझी थोरली बहीण फिजिओथेरपिस्ट आहे. वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांचे आखडलेले गुडघे वाकवते आणि वर शिव्या खाते. "या बाईला दयामाया नाही," असं पहिल्या आठवड्यात प्रत्येक पेशंट म्हणतो. ताईला ते कौतुकच वाटतं.

समोरच्या इमारतीतल्या काकूंचा उजवा गुडघा धरला, तेव्हा ती सात महिने रोज सकाळी त्यांच्याकडे गेली. काकू महाहट्टी. "मला काडीचा फरक नाही," हे त्यांचं पालुपद. मग दर शनिवारी ताई त्यांचं कोपर धरून त्यांना चालवायची, नातू फोनवर टिपायचा आणि मागच्या शनिवारचं चालणं त्यांना दाखवायचा. त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. नातवाचं आरोग्याचं चॅनल होतं. सल्ले भरपूर, बघणारे चाळीस.

एक दिवस त्यावर काकू झळकल्या. 'गुडघेदुखी घरच्या घरी बरी, एकवीस दिवसांत!' पहिल्या शनिवारचं लंगडणं, लगेच शेवटच्या शनिवारची तुरुतुरु चाल. कोपर धरलेला ताईचा हात कापला होता. "टाच आधी, काकू, टाच आधी" हा तिचा आवाज पुसून बासरी घातली होती. शेवटी काकू काढ्याचा पेला उंचावून म्हणतात, "मी कुणाकडे गेले नाही." तेवढं खरं होतं म्हणा, ताईच त्यांच्याकडे जायची.

नऊ लाख लोकांनी पाहिलं. ताई विचारायला गेली, मीही सोबत गेले. नातू सरळच म्हणाला, "सात महिने व्यायाम करा म्हटलं की लोक पुढे सरकतात, ताई."

"तुझं जाऊ दे," ताई म्हणाली. "काकू, तुम्ही असं कसं बोललात?"

"अगं, पोराचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. तुझं नाव घेतलं तर घरच्या घरी कसं होणार?" काकूंनी तिचा हात धरला. "बरं झालं आलीस. कालपासून डावा गुडघा धरलाय. उद्यापासून ये. फक्त नऊच्या आत ये, नंतर शूटिंग असतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तिच्या जागी असते तर तो काढाच पुढे केला असता. ताईने मात्र खाली बसून त्यांचा डावा गुडघा दाबून पाहिला, सूज बघितली, आणि एका कागदावर दुसऱ्या फिजिओथेरपिस्टचा नंबर लिहून दिला.

"ती चांगली आहे," ती म्हणाली. "मला आता तुमच्या पायाला हात लावायचा नाही."