पार्षदाची सही

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. ज्यांना सांगायचं होतं ते बाबाच — आणि नेमकं त्यांनाच सांगितलं नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून जीभ रेटून पाहते. बघू, कुठवर रेटते.

केंद्र सरकारच्या नोकरीत माझी बदली पोर्ट ब्लेअरला झाली, तेव्हाची गोष्ट. त्या शहराचं नाव आता बदललंय, पण आमच्या घरात ते पोर्ट ब्लेअरच राहिलं. आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मी लग्न केलेलं नाही. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले बाबा आणि मी, दोघंच जबलपूरला विजय नगरात राहायचो. बाबांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांचं सगळं पाणी म्हणजे नर्मदा, फार तर बरगीचं धरण. ऑर्डर आली तसे म्हणाले, "चलो, या निमित्ताने समुद्र पाहून घेऊ." मी आधी जायचं, घर पाहायचं, मग त्यांना बोलवायचं — असं ठरलं.

घर मिळालं, चढावर. ते शहरच तसं, नुसते चढउतार. एका वळणावर समुद्र दिसतो, पुढच्या वळणावर डोंगर आडवा येतो. म्हणायला सगळ्या बेटांची राजधानी, पण जीव लहानखुरा. बाबांना दर रविवारी फोनवर सगळं हवं असायचं. पाणी कुठून येते? झाडू कोण मारते? मी सांगायचे — पाणी डोंगरातल्या धरणातून येतं, पाऊस सरला की नळ दिवसाआड. पाणी, दिवे, सफाई नगरपालिका पाहते, वॉर्डावॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, असतात, आणि वरचा कारभार दिल्लीहून नेमलेले साहेब चालवतात. "नळाला पाणी नाही, तर मग एवढा समुद्र काहून ठेवलाय?" असं म्हणून ते हसायचे. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. चहाच्या टपरीवर लोकांना समजावून सांगू लागले — तिथं विधानसभा नाही बरं का, भैया.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते, पण पाय मागे ओढतात.

त्या घरात मला पहिल्यांदाच कोणी विचारणारं नव्हतं. काहून उशीर झाला, काय जेवलीस, कोणाचा फोन होता — काही नाही. रविवारी जेट्टीवर जाऊन बसायचे, मनात आलं तर रात्री नुसता पाव खायचे. कोणी पुरुष नव्हता, तसं काही नव्हतं. असतं तर निदान कारण तरी म्हणता आलं असतं. मला फक्त बाबा नको होते. ज्यांनी मला एकट्याने सांभाळलं, त्यांच्याबद्दल हा शब्द उच्चारताना लाज वाटते, पण शब्द तोच आहे — नको होते.

म्हणून मी सांगितलं की इथे पाण्याची टंचाई आहे, घरटी माणसं ठरलेली आहेत. बाहेरचा माणूस राहायला आणायचा तर पार्षदाची सही आणि नगरपालिकेची परवानगी लागते. साफ खोटं. असा कुठलाच नियम नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबातली म्हातारी आई वर्षभर गॅलरीत बसून असायची. तिला कोण परवानगी मागत होतं?

दुसरा कोणी बाप हसला असता. बाबांचा सारा जन्म फॅक्टरीच्या इस्टेटीत, कुंपणातल्या वसाहतीत गेला — गेटवर पास, पासावर सही, सही नाही तर परत फिरा. त्यांना वाटलं, अख्खं बेटच इस्टेट असेल. ते लगेच म्हणाले, "अच्छा, बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

मग दर रविवारी एकच प्रश्न. सही झाली का? कधी मी म्हणायचे, पार्षद बाहेरगावी गेलेत. कधी म्हणायचे, कागद वर गेलाय. नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा तर मला हायसं वाटलं — म्हटलं, नवा पार्षद आल्यावर पाहू. नवा पार्षद भला माणूस होता, रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा. मी मान वळवून घ्यायचे. बिचाऱ्याला काय ठाऊक, जबलपूरला एक म्हातारा त्याच्या सहीची वाट पाहून राहिला आहे?

बदलीची मुदत संपली, मी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबांनी अर्धी बादली भरून नळ बंद केला. नळाला भरपूर धार होती. मी विचारलं, "बाबा, एवढंच पाणी काहून?"

ते जरा लाजले. "सवय करून राहिलो होतो. म्हटलं, तुझ्या पार्षदाले सांगता येईल — बाप अर्ध्या बादलीत भागवतो, कोणाच्या वाट्याचं पाणी घेणार नाही. मग त्याने नाही म्हटलं नसतं."

तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? नोकरी तिथली राहिली नव्हती, घर राहिलं नव्हतं, लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तिथले नियमच कडक होते, बाबा." ते म्हणाले, "असू दे, तू तरी पाहिलास नं समुद्र."

समुद्र काय एकाच गावाला असतो? पुरीला नेता आलं असतं, मुंबईला नेता आलं असतं. पण तिथे वाळूत उभं राहून त्यांनी विचारलं असतं — इथं परवानगी लागत नाही का? मला त्या प्रश्नाची भीती होती. मी नेलं नाही.

पुढे त्यांना वाकवेना. आंघोळीचं पाणी काढायचं काम माझ्याकडे आलं. थंडीत रोज सकाळी मीच गरम पाणी काढून द्यायचे, हात घालून पाहायचे, आणि बादली अर्धी झाली की नळ बंद करायचे. पूर्ण भरली असती तर ते विचारते, काहून भरली — आणि मग सांगावं लागलं असतं. ते गेले त्या सकाळीही मी अर्धीच भरली होती.