उंदरांची हजामत करणारे चाचा

"मान सोड, बेटा. कायले तानून राह्यला?"

असं म्हणत चाचा आधी फडकं झटकायचे आणि मगच वस्तऱ्याला हात लावायचे. पुढ्यात गिऱ्हाईक असायचं भूल दिलेला पांढरा उंदीर. मान ताणायची त्याची काय बिशाद! एकदा मी म्हटलं, "चाचा, तो बेशुद्ध आहे." तर म्हणाले, "आमच्या खुर्चीत बसले का अर्धे लोक झोपतच होते, सर. तरी बोला लागते."

आर्णीच्या बसस्टँडजवळ त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. आजूबाजूला फिरत्या खुर्च्यांची थंडगार सलून झाली. चाचांची गिऱ्हाइकं म्हातारी होत गेली आणि मग एकेक करून यायची थांबली. दुकान बंद करून ते आमच्या कॉलेजच्या प्राणिघरात लागले.

तुम्ही म्हणाल, कॉलेजातल्या उंदरांना न्हावी कशाला? तर आमचं काम असं : कानाला ऐकू न येणारा आवाज एका बिंदूवर गोळा करून उंदराच्या मेंदूवर सोडायचा. चिरफाड नाही, कवटीला भोक नाही. आवाज नेमक्या जागी पोचला की मेंदूचा तेवढा भाग जागा होतो आणि पुढचा पंजा टुणकन उडतो. पण केसांत हवा अडकते, आणि हवेतून तो आवाज पुढे सरकत नाही. म्हणून डोकं गुळगुळीत पाहिजे, वर चिकट जेलचा थर. कातडी जराशी कापली की तो उंदीर त्या दिवसापुरता बाद. आमच्या हातून हमखास कापायची, चाचांच्या हातून कधीच नाही. मिशीला मात्र ते वस्तरा लागू देत नसत. "मर्दाची मिशी हाये," म्हणायचे. उंदीर मादी असली तरी.

पहिल्यांदा पंजा उडालेला पाहिला, तेव्हा त्यांचा फडक्याचा हात हवेतच राहिला.

"सर, याचा हात हालला ना जी!"

"हो."

"उजवा हालला. अन् मशीन तं डाव्या बाजूले हाये."

"तसंच असतं, चाचा. डावा मेंदू उजवा हात चालवतो."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. घरी त्यांच्या बायकोला, चाचींना, लकवा मारलेला, उजवं अंग गेलेलं, हे मला माहीत होतं. पुढचा प्रश्न कोणता येणार तेही कळलं होतं.

"माणसाले चालते काय हे?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. आमची मशीन उंदरांपुरती आहे, आवाज बंद केला की पंजा पुन्हा पडतो, गेलेला हात तिने परत येत नाही. हे सगळं मला सांगता येत होतं. मी म्हणालो, "पुढे बघू."

त्यांचं मन मोडवेना म्हणून तसं बोललो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. माझी नोकरी कायम व्हायची होती, काम अर्ध्यावर होतं, आणि चाचा चाचींच्या उपचारासाठी निघून गेले तर आपलं कसं होणार, ही भीती होती.

त्यांची मुलगी नागपूरला असते. आईला तिकडे नेऊन हाताचा व्यायाम सुरू करायचा तिने हट्ट धरला होता. चाचा मला हसत सांगायचे, "मी म्हटलं, बेटी, कायले धावपळ करून राह्यली? आपल्या सरची मशीन हाये." मी खाली मान घालून जेल लावत राहायचो. दिवस जात होते तसा तो शब्द मागे घेणं आणखी अवघड होत होतं. प्राणिघराला खिडकी नाही. आत पिंजऱ्यांची खुडबुड आणि चाचांचं रोजचं, "आता किती राह्यलं, सर?" दुसरीकडे बघायलासुद्धा जागा नसायची.

एका दुपारी ते चाचींनाच ऑटोतून घेऊन आले. खुर्चीवर बसवलं. डोक्यावरची ओढणी बाजूला केली. डाव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा वस्तऱ्याने साफ केलेली होती.

"एक डाव लावून पाहा, सर. मीच काढले. हवा राह्याची नाही."

"यायनं मले... टकली केलं," चाची वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाल्या आणि हसल्या. चाचाही हसले.

मग मी सगळं सांगितलं. ही मशीन माणसांची नाही, होणारही नव्हती.

त्यांनी आरडाओरडा करावा असं मला वाटत होतं. ते खुर्चीमागे उभे होते, त्या उघड्या जागेवर तळवा ठेवून.

"मंग त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

"माझ्या कामासाठी."

"पोरगी गाडी घेऊन आलती, सर," ते म्हणाले. "मी वापस पाठोली."

त्या दिवसानंतर चाचा कामावर आले नाहीत. उंदरांचे केस आता आम्ही क्रीम लावून काढतो. ते दुकानात तेव्हाही मिळत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी निघण्यासाठी त्यांनी चाचींना उठवलं, तेव्हा चाचींच्या उजव्या मुठीतून कापसाचा बोळा खाली पडला. ती मूठ कायमची मिटलेली होती, आणि नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून चाचा आत कापूस ठेवत. मी तो उचलला आणि परत मुठीत सरकवायला गेलो, तर माझंच बोट आत अडकलं. मी ओढलं. मूठ आणखी घट्ट झाली. चाचींना सोडायचं होतं, हात ऐकत नव्हता. त्या ओशाळून माझ्याकडे पाहत राहिल्या, जणू चूक त्यांचीच.

चाचा खाली बसले आणि चाचींची बोटं एकेक करून उघडू लागले.

"ओढू नका, सर," ते म्हणाले. "ओढलं का अजून आवळते."