मुका झालेला भोंगा

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. वरवट बकालच्या आसपासच्या खेड्यांत वीज अजून यायची होती, पण भोंग्याचा आवाज येऊन पोचला होता आणि तो आणला होता इंद्रभाननं. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं मशीन, माइक आणि पत्र्याचे दोन भोंगे बैलगाडीत घालून तो लग्नाला, कीर्तनाला, सभेला जायचा. एरवी माणूस अबोल. मशीनचा विषय निघाला की मात्र त्याला थांबवावं लागे.

शेजारच्या गावात पिण्याच्या पाण्याची सरकारी विहीर झाली होती. उद्घाटनाला जळगाव जामोदहून साहेब येणार होते. इंद्रभानला बोलावलं ते भगवंतरावांनी. दोघं लहानपणी एका वर्गात होते. भगवंतराव आता मोठे बागाईतदार झाले होते आणि त्यांची बायको सिंधूताई ग्रामपंचायतीत होती. कायद्यानं बाई घेणं भाग होतं, म्हणून नवऱ्यानंच तिचं नाव पुढं केलेलं. ती बैठकीला यायची, सही करायची, उठून जायची. त्या दिवशी तिला आभाराचे दोन शब्द बोलायचे होते.

सकाळी इंद्रभान माइकची वायर टाकत होता, तेव्हा भगवंतराव शेजारी येऊन उभे राहिले.

"सतरंजीखालून काऊन नेऊन राह्यला बे?"

"लोकायच्या पायात येते ना. पन जपा लागते. खिळागिळा घुसला अन् आतली तार वरच्या जाळीले भिडली, का आवाज गेलाच समजा. मशीनचे दिवे जळत राह्यतात, भोंगा मुका."

साहेबांचं भाषण खणखणीत झालं. मग सिंधूताई उठली. माइकला हात न लावता, जरा लांबूनच बोलू लागली. "साहेब आले, त्यायचे आभार. पन एक इचारतो. ही विहीर गावातल्या बायायसाठी मंजूर झाली होती. मंग गाव सोडून ती आमच्याच मळ्याच्या बांधाले काऊन…"

आणि भोंगा बंद पडला.

तिचे ओठ हलत राहिले. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल तेवढंच. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई पाहून मशीन लाजली रे!" सगळं मैदान हसलं.

इंद्रभान मशीनकडे धावला. दिवे जळत होते, म्हणजे बॅटरी ठीक. माइकची वायर उपटून त्यानं मशीनच्या भोकाला बोट लावलं, तर भोंगे घुमले. मशीन ठीक, भोंगे ठीक. वायर लावून दुसरा माइक जोडला, तरी मुकंच. राहिली फक्त वायर. तो सतरंजीखाली हात घालून ती चाचपत सरकू लागला, तोवर साहेबांनी घड्याळ पाहिलं, हात जोडले आणि ते जीपकडे निघाले. सिंधूताई खाली बसली.

मंडप रिकामा झाल्यावर त्याच्या बोटाला टाचणी लागली. वायरीत आरपार गेली होती. पाहुण्यांच्या छातीवर गुलाबी रिबिनीचे बिल्ले लावले होते, त्यातलीच ती टाचणी. आणि बरोबर त्या जागेवरची खुर्ची भगवंतरावांची.

चहाला घरी बोलावलं होतं. भगवंतरावांच्या छातीवर बिल्ला नव्हता. तो खिशात कोंबलेला होता आणि रिबिनीचं टोक बाहेर लोंबत होतं. सिंधूताईनं कप पुढं केला.

"काय झालतं हो मशीनले, इंद्रभानभाऊ?"

त्यानं मूठ उघडली. तिनं टाचणी पाहिली.

"कोठी होती?"

"सतरंजीखाली. वायरीत."

"कोनाच्या खुर्चीखाली?"

भगवंतराव बशीतला चहा फुंकत होते. इंद्रभाननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"गर्दी होती, ताई. काय सांगता येते?"

ती आत निघून गेली. पुढं तिनं पंचायत सोडली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी भगवंतरावांच्या मळ्यात वाहू लागलं. इंद्रभानचं मशीन ऐन वेळेला दगा देतं, असं भगवंतरावच चारचौघांत सांगू लागले आणि लोक भोंगा दुसरीकडून मागवू लागले. टाचणीची गोष्ट आता सांगून कोण ऐकणार होतं?

वरवटच्या बाजारात एकदा सिंधूताई भेटली. मिरच्या निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुमी खुर्ची नाही सांगतली."

"तुमच्या घरात भांडन नको म्हनून, ताई."

"घरचं मी पाह्यलं असतं. टाचनी कोनाची, ते मले तवाच समजलं होतं. घरच्या मानसानं तोंड दाबलं, त्याचं काय नवल? पन त्याचं नाव एक जन तरी त्याच्यासमोर घेईन, असं वाटलं होतं मले."

तिनं पिशवी उचलली आणि गर्दीत शिरली. इंद्रभान मिरच्यांच्या ढिगापाशी उभा राहिला. मिरचीवाल्या बाईनं त्याला दोनदा विचारलं, काय पाहिजे म्हणून. त्याला सांगता येईना.